नर्सबाईचं बाळंतपण

सिंदेवाहीच्या नर्सबाईला मुलगी झाली ही बातमी बाजाराच्या दिवशी फुटली आणि बाजार उठायच्या आत आसपासच्या टोल्यांवर, वाड्यावस्त्यांवर जाऊन पोचलीही. इंदुताई या मुलखात आल्यापासून इथल्या बायकांची बाळंतपणं तिनेच केली होती. त्यामुळे जी ती बाई आपल्याच घरी लेकरू झाल्यासारखी बघायला येऊ लागली. कुणी पदराखाली झाकून डिंक आणला, कुणी हातसडीचे तांदूळ, कुणी जवस. सरकारी क्वार्टरच्या ओसरीवर बसून त्या म्हणायच्या, "आता समजलं नं बाई तुमाले, कळा कायले म्हंतेत ते," आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

इंदूही हसायची. हसताना तिचा हात मात्र मांडीवरच्या पोरीच्या नाकाशी असायचा. श्वास लागतोय का ते बघायची. लागला की हात काढायची, आणि काढला की लगेच वाटायचं, नीट लागला नव्हता बहुतेक. पुन्हा हात न्यायची. बायकांना वाटे, माशा वारतेय.

इंदू मूळची वर्ध्याकडची. आई लहानपणीच गेली, वडिलांनी वाढवलं, शिकवलं. नागपूरला नर्सिंग शिकून ती इकडे नेमणुकीवर निघाली तेव्हा नातेवाइकांनी 'जंगलात चालली पोरगी' म्हणून हळहळ केली होती. गडचिरोली आणि तिच्याही खालचा सगळा मुलूख तेव्हा एकाच चांदा जिल्ह्यात होता. छोटी रेल्वे सोडली तर बैलबंडी, नाहीतर पाय. काळी बॅग घेऊन ती या टोल्यावरून त्या टोल्यावर फिरली. नाळ कापायचं पातं उकळून घ्या, नाळेवर राख लावू नका, बाळंतिणीला पोटभर खाऊ द्या, हे सांगून सांगून तिचा घसा बसायचा. इथेच धानाच्या सरकारी फार्मवर काम करणाऱ्या गुणवंतरावांची ओळख झाली आणि लग्नही झालं. माणूस सरळ, बोलायला कमी. धानाच्या लोंबीत दाणा भरला की नाही हे बोटांनी दाबून सांगायचा, पण बायकोच्या मनात काय चाललंय ते त्याला तिने सांगितल्याशिवाय कळत नसे, आणि इंदू सांगणाऱ्यातली नव्हती.

गेल्या भादव्यात पिपरटोल्याहून झिंगू नावाचा गोंड माणूस धापा टाकत तिला न्यायला आला. त्याची बायको सुकरी अडली होती. नाल्याला पाणी होतं, बंडी अलीकडेच सोडावी लागली, पुढची वाट चिखलातून. इंदू पोचली तेव्हा सुकरीच्या कळा मंदावल्या होत्या. पोरगा झाला तो निळा पडलेला, गळ्याभोवती नाळ. इंदूने येत होतं ते सगळं केलं. तोंड साफ केलं, पाठ चोळली, आपल्या तोंडाने त्याच्या छातीत श्वास भरला. पोरगा रडला नाही. त्याचे ओठ, मिटलेल्या पापण्या, नखांपर्यंत पूर्ण झालेली इवली बोटं, एवढं तिला लख्ख आठवत होतं. त्यापुढचं सगळं धूसर. परत आल्यावर ती जेवली, झोपली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. तेव्हा तिला स्वतःलाच दिवस गेलेले होते आणि ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे सगळ्यांना ठाऊक झालं, पण पिपरटोल्याबद्दल ती कुणाशी अवाक्षर बोलली नाही.

तिचं स्वतःचं बाळंतपण सोपं गेलं. दवाखान्यातली दाई कलाबाई हाताशी होती. गुणवंतरावांची आई, मनकर्णाबाई, मूल शहराजवळच्या गावाहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. पोरगी जन्मताच असं काही किंचाळली की बाहेर उभे असलेले गुणवंतराव दचकले. गोरीगोमटी, अंगानं भरलेली. नाव चंदा ठेवलं.

पाचवीची पूजा होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग एका दुपारी चंदा झोपलेली असताना तिचे ओठ इंदूला जरा निळसर वाटले. तिने पोरीला उचलून दारात उजेडाला नेलं. ओठ गुलाबी होते. पोरगी मात्र जागी होऊन रडली. इंदूला जी धास्ती लागली ती त्या दिवसानंतर गेलीच नाही.

लेकरू कशाकशाने जातं हे इतर बायांना ऐकून माहीत असतं. इंदूने ते पाहिलेलं होतं. धनुर्वाताने धनुकलीसारखं वाकलेलं लेकरू पाहिलं होतं, दूध घशात अडकलेलं पाहिलं होतं, काहीच न होता सकाळी गार सापडलेलंही पाहिलं होतं. त्यातलं एकेक आता चंदाच्या पाळण्यापाशी येऊन बसायला लागलं. पोरीने हात ताणले की इंदूला वाटे, झटका आहे. दूध ओकली की वाटे, अडकलं. ती पाळण्याशेजारून हलेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. दिवसा कुणी म्हटलं, तू पड, आम्ही बघतो, तर पडायची, आणि छताकडे बघत ऐकत राहायची.

आणि याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती तिला भीतीपेक्षाही वाईट वाटायची. पोरीबद्दल तिला माया वाटत नव्हती. निदान तिला तसं वाटे. बायका म्हणत, कशी सोन्यासारखी आहे, आणि इंदूला वाटे, कुणाचं तरी मूल आपल्याला राखायला दिलंय, ते न्यायला माणूस येईल, तोवर त्याला काही होऊ द्यायचं नाही. चंदा तिच्या अंगाला बिलगून प्यायची आणि इंदू भिंतीकडे बघायची. मग आपण भिंतीकडे बघतोय हे लक्षात येऊन तिला रडू फुटायचं.

मनकर्णाबाईंनी आधी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या. मग बायकांचं येणं बंद केलं. तरी सुनेचं ताट तसंच्या तसं परत यायचं, दूध आटत चाललं, डोळ्यांखाली काळं आलं, तेव्हा त्या चिडल्या.

"जगातल्या बायकाईले लेकरं होतेत," त्या म्हणाल्या. "तू काई पयली नाई. आन् तू तं दुसऱ्याईले शिकोतेस."

इंदू सासूला आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचं काही खोटं नव्हतं.

गुणवंतरावांनी एका संध्याकाळी फार्मवरून आल्यावर तिच्याजवळ बसून विचारलं, "काय होते इंदू तुले? कुठी दुखते का?"

तिने तोंड उघडलं. सांगायचं होतं, पण सुरुवात सापडेना. "मला भीती वाटते," एवढंच म्हणाली.

"कशाची? पोरगी तं चांगली हाये," ते म्हणाले. मग तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "तू तं नर्स आहेस."

ते मनापासून म्हणाले होते. पण इंदूचं तोंड त्या एका वाक्याने मिटलं ते मिटलंच. दौऱ्यावर आलेल्या डॉक्टरांनीही तपासून अशक्तपणा सांगितला, लोहाचं औषध दिलं आणि हसून तेच म्हटलं, तुम्हाला मी काय वेगळं सांगणार. चैत्र संपत आला तेव्हा तिने नवऱ्याला सांगून टाकलं की मी आता कामावर जाणार नाही. ना दवाखान्यात, ना टोल्यांवर. गुणवंतरावांना वाटलं, पोरीच्या मायेपोटी म्हणत असेल. ते म्हणाले, तुझ्या मनासारखं कर.

वैशाखात तेंदूपत्त्याचे दिवस आले. जंगलातल्या टोल्यांवरची माणसं पत्त्याचे पुडे बांधून ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, फडीवर विकायला घेऊन येऊ लागली. अशाच एका दुपारी ऊन रखरखत असताना इंदूला आतून ओसरीवरचा आवाज ऐकू आला.

"नको, नको, तिथीच थांब," मनकर्णाबाई कुणाला तरी म्हणत होत्या. "घरात तान्हं लेकरू हाये. तू काई वाईट मानू नको बाई, पन आत नको येऊ."

"आत नाई येत," दुसरा आवाज म्हणाला. हळू, थांबत थांबत बोलणारा, गोंडी वळणाचा. "नर्सबाईसंग एक बोलाचं होतं."

इंदूने तो आवाज ओळखला. सुकरी.

पहिलं जे इंदूच्या मनात आलं ते असं की, न्यायला माणूस आलं. आपण इतके दिवस ज्याची वाट बघत होतो तेच हे. वेड्यासारखं आहे हे तिला कळत होतं. तरी तिने चंदाला छातीशी आवळलं आणि मागच्या दाराकडे एक पाऊल टाकलंही. मग थांबली. मागच्या दाराने जाणार कुठे? ती वळली आणि पोरीला घेऊन ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली.

सुकरी पायरीखाली उन्हात उभी होती. डोक्यावर तेंदूच्या फळांची, टेंभरांची टोपली. अंगानं वाळली होती, पोट मात्र किंचित पुढे आलेलं. इंदूची नजर सवयीने आधी पोटावरच गेली. सुकरीने चंदाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, जमिनीकडे बघत राहिली, हेही इंदूच्या लक्षात आलं. लेकरू गेलेल्या बाईने दुसरीच्या तान्ह्याकडे बघायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सावलीत ये," इंदू म्हणाली.

सुकरीने इंदूच्या सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाई बाजूला सरकल्या. सुकरीने टोपली उतरवली आणि ओसरीच्या कडेला बसली.

"दिवाळीच्या आगंमागं होईन म्हन्ते सासू," ती म्हणाली. "तुमी येसान का, ते इचाराले आली. आधीच सांगून ठेवतो."

"मी ते काम सोडलं," इंदू म्हणाली.

"काऊन?"

इंदूला वाटलं, टाळावं. कलाबाईचं नाव सांगावं, ती येईल म्हणावं. पण सुकरी तिच्याकडे बघत होती. इतके दिवस जे नवऱ्याला सांगता आलं नव्हतं, डॉक्टरला सांगता आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"तुझा पोरगा माझ्या हातात गेला, सुकरी."

सुकरीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"गेला," ती म्हणाली. "मी रडली. अजूनई रडतो. आमच्या घरामांगं त्याले ठेवलं, तिथून जा लागते तं रडू येते." तिने मान वर केली. "पन बाई, मी बी जात होती नं. तुमाले याद नाई का?"

इंदूला तो पोरगा तेवढा आठवत होता.

"पोरगा झाला आन् मंग माह्यं रगत थांबेच ना. गोदडी भिजली, खालची माती भिजली. सासू मले मेली म्हनून गळा काढून रडा लागली, तं तुमी तिच्यावर खेकसल्या. बाहीर जाय म्हने. मंग तुमी माह्या पोटावर मूठ दाबून धरली. सुई देल्ली. आन् मूठ काई सोडली नाई. मले लय दुखे, मी तुमचा हात ओरबाडला. तरी सोडली नाई. माह्यं रगत थांबलं तवा दिस कलला होता. झिंगू सांगते सगळ्याईले, नर्सबाईनं बायको वापस आनली म्हनून."

इंदूला ते हळूहळू आठवायला लागलं. ओलं फडकं. सुकरीच्या सासूचा हेल. आपल्या मनगटावर उठलेले ओरखडे, आणि ते मनगट नंतर कितीतरी दिवस दुखत होतं ते. का दुखतंय असं तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्या झोपडीतून येताना तिने फक्त मेलेलं लेकरू तेवढं बरोबर आणलं होतं. जगलेली बाई तिथेच ठेवून आली होती.

"तवापासून मले भेव वाटते," सुकरी सांगत होती. "हे लेकरू बी जाईन असं वाटते. पत्ता तोडता तोडता मी पोटावर हात ठेवतो. हाललं का पायतो. नाई हाललं तं काम सुदरत नाई. खाली बसून रायतो. बाकीच्या बाया हासतेत. झिंगू म्हन्ते, काई नाई होत. त्याले सांगून काई फायदा नाई."

इंदू दारातून पुढे आली आणि सुकरीच्या समोर खाली बसली.

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली. "सारखी बघते. श्वास चालू आहे का बघते. झोपत नाही. ही पोरगी माझी आहे असंही मला वाटत नाही. वाटतं, कोणी येईल आणि घेऊन जाईल. आणि सगळे म्हणतात, तू तर नर्स आहेस."

शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला. दाराशी उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंचा हात चौकटीवर होता तो तसाच राहिला. सून फार शिकलेली, म्हणून जेवत नाही, म्हणून कुणाचं ऐकत नाही, पोरीला कुणाच्या हाती देत नाही, असं त्यांनी इतके दिवस धरलं होतं. ही घाबरलेली आहे हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

चंदा कुरकुरली आणि मग मोठ्याने रडायला लागली. इंदूने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं. तरी पोरगी रडायची थांबेना. सुकरीने हात पुढे केले नाहीत. ती दुसरीकडे बघत बसली.

"घे," इंदू म्हणाली.

सुकरीने चमकून पाहिलं, तिच्याकडे नाही, मनकर्णाबाईंकडे. म्हातारीचा चेहरा ओढला गेला. क्षणभर वाटलं, त्या मधे पडणार. मग त्या म्हणाल्या, "घे बाई. माय म्हन्ते तं घे."

सुकरीने चंदाला घेतलं. नीट घेतलं, मानेखाली हात घालून. पोरगी काही गप्प झाली नाही, उलट जास्तच ओरडली. सुकरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि गेलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. तिने ते तसंच वाहू दिलं. मग म्हणाली, "भुकेली हाये. प्याले द्या तिले."

इंदूने पोरीला पदराखाली घेतलं. चंदा पीत असताना पहिल्यांदाच ती भिंतीकडे न बघता समोर बसलेल्या बाईकडे बघत राहिली. पोरगी पिऊन झोपल्यावर सुकरीने तिला अलगद उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. इंदू भिंतीला टेकली. मनकर्णाबाई विंझण्याने वारा घालत होत्या. केव्हा डोळा लागला ते तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. समोरची जागा रिकामी होती. ती ताडकन उठून बसली.

"इथीच हाये," मनकर्णाबाईंचा आवाज आला. चंदा त्यांच्या मांडीवर होती. "झोपून राह्यली. मी पायत होती नं तिच्याकडं. सारखी पायत होती."

सुकरी निघून गेली होती. झिंगू फडीवरून तिला घ्यायला आला होता. टेंभरं तेवढी ताटात काढून ठेवलेली होती.

त्या दिवसानंतर इंदू बरी झाली असं नाही. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा पाळण्याशेजारून हलेना. पण घरातल्या एका माणसाला तरी आता माहीत होतं. मनकर्णाबाईंनी मुलाला परसात नेऊन सांगितलं, "तिले 'तू नर्स आहेस' असं म्हनू नको आता. ते आयकून तिचं तोंड बंद होते. आन् तिले भेव वाटते म्हन्ते, तं कायचं भेव, असं इचारू नको. नुस्ता बस तिच्याजवळ."

गुणवंतराव बसायला लागले. त्यांना काय बोलावं सुचायचं नाही, तेव्हा ते फार्मवरचं सांगायचे, कोणत्या धानाला कीड लागली, कोणतं रोप आडवं पडलं. इंदूला त्यातलं फारसं काही कळायचं नाही. तरी ते बोलत असले की छातीतली धडधड जरा खाली यायची. कधी ते गप्प होऊन तिचा हात हातात धरून बसायचे आणि ओसरीवर आई आल्याची चाहूल लागली की पटकन सोडायचे.

मनकर्णाबाईंनी आपली एक रीत बसवली. दुपारचं जेवण झालं की त्या पोरीला घेऊन समोर बसायच्या आणि सुनेला म्हणायच्या, "आता मी पाहून राह्यली. तू झोप." 'काही होत नाही' असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. मी पाहून राह्यली, एवढंच. आधी इंदू झोपायची नाही, डोळे किलकिले करून आत्याबाईंकडे बघायची. त्या खरंच बघत असायच्या. डुलकी आली तर स्वतःच्या मांडीला चिमटा काढायच्या. आखाड लागेपर्यंत इंदू दुपारी झोपायला लागली. जेवायलाही लागली. आणि कधीतरी, नेमकं केव्हा ते तिलाही सांगता आलं नसतं, चंदाने तिच्याकडे बघून आवाज काढला आणि इंदूने नकळत तसाच आवाज काढून उत्तर दिलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण पोरीशी बोलतोय. पोळा आला तोवर ती दिवसभर बोलत असायची, आणि मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पोरीच्या कानाले जरा आराम दे."

पाऊस ओसरल्यावर ती दवाखान्यात जाऊन बसायला लागली. सुरुवातीला फक्त मलमपट्टी, औषधं. मग कलाबाईने एका बाळंतपणाला तिला नुसतं शेजारी उभं केलं. बाईच्या कळा वाढल्या तसे इंदूचे तळवे घामेजले, बाहेर निघून जावं असं वाटलं. पण हात आपलं काम करत राहिले. घरी येऊन तिने गुणवंतरावांना ते सगळं सांगितलं, घामासकट.

दिवाळी आठवड्यावर आलेली, बांध्यांमध्ये हलका धान कापणीला आला होता, तेव्हा झिंगू सकाळीच दारात उभा राहिला. या वेळी तो धापा टाकत नव्हता. सुकरीने त्याला पहिल्या कळेलाच हाकललं होतं.

"मला नाही वाटत मला जमेल," ती आत येऊन नवऱ्याला म्हणाली. "कलाबाईला पाठवू?"

"कलाबाईले संग घे," गुणवंतराव म्हणाले. "मी बी येतो. माय बी येईन. पोरीलेई घेऊ. नाईच जमलं तं बंडीत येऊन बसजो, कलाबाई करन."

सगळं घर बंडीत बसून पिपरटोल्याला गेलं. नाल्याला गुडघाभर पाणी होतं, बंडी सरळ पलीकडे गेली. सुकरी भिंतीला धरून येरझाऱ्या घालत होती. इंदूला पाहून ती थांबली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, ती लपवायचं कारण नव्हतं.

"हालते का?" इंदूने विचारलं.

"आताच हाललं," सुकरी म्हणाली.

दुपार टळायच्या सुमाराला लेकरू झालं. मुलगी. आणि ती रडली नाही. सुकरी कोपरांवर उठायला बघत होती. इंदूने लेकराचं तोंड साफ केलं, पाय धरून तळव्यांवर टिचकी मारली, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग एक बारीकसा, मांजरीच्या पिलासारखा आवाज आला, आणि त्याच्यामागून चांगला खणखणीत. सुकरी मागे टेकली आणि हातांनी तोंड झाकलं. इंदूने नाळ बांधली, कापली, रक्त बघितलं, पोट दाबून बघितलं, कलाबाईच्या हाती सगळं देऊन बाहेर आली आणि मोहाच्या झाडाखाली बसून हुंदके देऊन रडली. गुणवंतराव घाबरून धावत आले. "सगळं चांगलं आहे," ती रडतच म्हणाली. "दोघीही चांगल्या आहेत. मला फक्त रडू द्या."

ते शेजारी बसले.

भीती तिला पुढेही येत राहिली. चंदाला पहिला ताप आला तेव्हा आली, चंदा चालायला लागून विहिरीकडे पळाली तेव्हा आली, कधी काही कारण नसताना भर दुपारी आली. ती आली की इंदू घरात जे कुणी असेल त्याला सांगायची, आज जड जातंय. मग आत्याबाई किंवा गुणवंतराव हातातलं काम सोडून येऊन बसायचे. कधी तासाभरात जायची, कधी दिवस घ्यायची.

तिच्या कामात मात्र एक गोष्ट बदलली. बाळंतिणीला बघायला गेली की पूर्वी ती अंगावरचं जाणं विचारायची, दूध विचारायची, बाळाची नाळ बघायची आणि उठायची. आता ती उठत नसे. झोप लागते का, भेव वाटते का, लेकराकडे बघून काय वाटते, असं विचारायची आणि पाय पसरून बसायची. बऱ्याच बायका हसून म्हणत, काई नाई बाई, चांगलं हाये. त्यांचं खरंच चांगलं असायचं.

मूल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मात्र एक कोवळी पोर, पहिलटकरीण, ते ऐकून नुसती खाली बघत राहिली. सासू बाहेर धान वाळत घालत होती. पोरीने उठून दार लोटलं, परत येऊन इंदूच्या अगदी जवळ बसली.

"बाई, कोनाले सांगसान नाई नं?" तिने विचारलं.

"तू म्हणशील त्यालाच सांगीन," इंदू म्हणाली.

आणि ती पोर बोलायला लागली.